जिन्यातल्या दिव्यांची खरखर

जोगळेकरांच्या दारापासून माझ्या दारापर्यंत अठरा पायऱ्या आहेत. मी मोजल्या आहेत, कारण आमचं भांडण त्या अठरा पायऱ्यांवरूनच झालं. तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाबद्दल काही म्हणायचं असेल, तर त्याने अठरा पायऱ्या उतराव्यात, बेल वाजवावी आणि तोंडावर म्हणावं. आमच्या फलटणकडे तशीच रीत आहे. जोगळेकरांनी तसं न करता सरकारच्या वायरलेस खात्याला पत्र लिहिलं. त्या पत्रामुळे सोसायटीचं देखभालीचं काम माझ्या हातून गेलं, आणि मोहालीतल्या एका मोठ्या वसाहतीचं जवळजवळ ठरलेलं कामही गेलं. दोन वर्षं मी हा राग सांभाळला. चंदीगडच्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत ते डाव्या बाजूला बसले की मी उजव्या बाजूला बसायचो.

आमच्या मंडळाच्या संपादकबाई म्हणाल्या, "शिंदेकाका, दिवाळी अंकाला तुमच्या धंद्यातलं काहीतरी गमतीदार लिहा." गमतीदार एक आहे, ते देतो. बाकीचं गमतीदार नाही. बाईंना ते कापायचं असेल तर माझा संपूर्ण लेख परत करावा. अर्धा माल मी कुणाला विकत नाही.

सतराव्या वर्षी मी हवाई दलात रेडिओ मेकॅनिक म्हणून भरती झालो. शेवटचं पोस्टिंग चंदीगडला. आपले मराठी ऑफिसर लोक इथली मुदत संपली की ट्रकमध्ये सामान भरतात आणि पुढच्या गावाला जातात. मी सार्जंट म्हणून निवृत्त झालो आणि इथेच राहिलो, कारण गावी दोन भावांत वाटून उरेल असं काही नव्हतं. मनीमाजऱ्याच्या बाजारात एक दुकान घेतलं. दुकान म्हणजे काय, दोन माणसं आत आली तर तिसऱ्याने बाहेरून बोलायचं. अँटेना लावले, बूस्टर विकले, डिश लावल्या, पुढे कॅमेरे आणि एलईडी दिवे. पंजाबी गिऱ्हाइकाशी पंजाबीत घासाघीस करणारा मराठी माणूस म्हणून मला बाजारात ओळखतात. माझी मुलं माझ्याशी हिंदीत बोलतात, पण भाव पाडायचा असला की मलाच पुढे करतात.

माझं खरं कसब मात्र खरखर शोधण्यात होतं. ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. विजेवर चालणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू थोडीफार बडबडते. जिथे ठिणगी पडते, किंवा वीज एका सेकंदात हजारो वेळा चालूबंद होते, तिथून रेडिओच्या लहरी निघतात. त्या वायरीत शिरतात, आणि घरभर फिरलेली वायर मग स्वतःच अँटेना होऊन ती बडबड चहूकडे पसरवते. म्हणून चांगल्या वस्तूत वीज आत येते त्या जागी तांब्याच्या तारेचा एक चोक आणि दोन कपॅसिटर बसवलेले असतात. बैलाला मुसकी घालतात तशी ती त्या बडबडीला घातलेली मुसकी. मुसकी काढली तरी वस्तू तितकीच छान चालते. फक्त शेजाऱ्याला त्रास होतो.

आता ती गमतीची गोष्ट. डिशच्या आधीच्या काळात सेक्टर बत्तीसमध्ये एक डॉक्टरीणबाई राहायच्या. त्यांचा टीव्ही रोज दुपारी बरोबर चार वाजता बिघडायचा आणि पाचला आपोआप बरा व्हायचा. तीन मेकॅनिक येऊन गेले होते, पण ते सगळे सकाळी आले होते. मी चार वाजता गेलो, छोटा रेडिओ हातात घेऊन खरखर वाढेल त्या दिशेने चालत सुटलो आणि शेजारच्या घरातल्या आजींच्या पलंगापाशी पोचलो. आजी गुडघे शेकायची इलेक्ट्रिक पिशवी लावून बसल्या होत्या. त्या पिशवीतला तापमानाचा स्विच ठिणग्या मारत होता. मी डॉक्टरीणबाईंना बोलावलं. पिशवी उलटून बघत त्या म्हणाल्या, "ये तो मैंने ही लिख के दी थी." आजी म्हणाल्या, "बेटा, टीव्ही तेरा, गोडे मेरे. दस्स की करिये?" गोडे म्हणजे गुडघे. मी पिशवी बदलून दिली आणि दोघींकडून पैसे घेतले.

जोगळेकर आमच्या सोसायटीत आले ते त्यांच्या निवृत्तीनंतर. एका केंद्रीय प्रयोगशाळेत त्यांनी नोकरी केली होती. बायको वारलेली, मुलगी पुण्याला. बारीक माणूस, मफलर मार्चपर्यंत. त्यांना हॅम रेडिओचा नाद होता. घरी स्वतःचं रेडिओ केंद्र ठेवायचं आणि जगभरच्या तशाच लोकांशी बोलायचं, असा तो छंद. त्यासाठी सरकारची परीक्षा असते, परवाना असतो, परवान्याबरोबर एक सांकेतिक नाव मिळतं. ते दर वेळी सांगूनच बोलायचं. जोगळेकरांचा परवाना दिवाणखान्यात फ्रेम करून लावलेला होता. त्या भिंतीवर दुसरं काही नव्हतं.

त्यांचा अँटेना गच्चीवर मीच लावला. तेव्हा त्यांनी मला नियम ऐकवले. हवेवर धंद्याचं बोलायचं नाही, राजकारण नाही, गाणी नाही, दुसऱ्या कुणाचे निरोप नाहीत. प्रत्येक बोलणं वहीत लिहायचं: वेळ, कुठल्या लहरीवर, कुणाशी.

मी म्हणालो, "मग तुम्ही बोलता काय, साहेब?"

"हवा कशी आहे, ते."

"हे विचारायला परीक्षा द्यावी लागते?"

ते हसले नाहीत. "त्यालाच द्यावी लागते," म्हणाले.

मला मोर्स येतं, म्हणजे टिकटिकीतून अक्षरं पाठवायची तारेची भाषा. नोकरीत शिकलो होतो, आणि तो कान जात नाही. त्यांच्या टेबलावर मोर्स पाठवायची पितळी की पाहिली आणि माझा हात शिवशिवला. म्हटलं, "साहेब, दोन शब्द पाठवू द्या." त्यांनी सरळ स्विच बंद केला. "परवाना माझा आहे, शिंदे. हात तुमचा चालणार नाही. परीक्षा द्या, मग तुमचंच केंद्र उघडा." अँटेनाच्या मजुरीत मी त्यांना सूट दिली होती. ती दिल्याचं मला तेव्हाच वाईट वाटलं.

त्यानंतर काही महिन्यांनी खालच्या मजल्यावरचे अरोराजी माझ्याकडे आले. ते आमच्या सोसायटीचे प्रधान, म्हणजे अध्यक्ष. सकाळी स्पीकरवर भजनं लावायची त्यांची सवय.

"शिंदेजी, मेरे भजन में टिक-टिक आती है. ऊपरवाला कुछ कर रहा है."

"अरोराजी, भजन में ऊपरवाला नहीं आएगा तो कौन आएगा?"

"मज़ाक मत करो यार. वो जोगळेकर! उसका खंभा उतरवाओ."

मी जाऊन पाहिलं. स्पीकरची स्वस्तातली लांब वायर जोगळेकरांचा सिग्नल उचलत होती. एक काळी कडी मिळते, तिच्यातून वायरीचे पाचसहा वेढे काढले की ते थांबतं. दहा मिनिटांचं काम. ते करून मी वर सांगायला गेलो, तर जोगळेकरांचा रेडिओ कापड घालून झाकलेला. अरोराजींनी जिन्यात नुसता आवाज चढवला होता, त्या क्षणापासून त्यांनी केंद्र बंद ठेवलं होतं. तीन दिवस.

"अहो, दोष त्यांच्या स्पीकरचा होता. तुम्ही का बंद केलंत?"

"दोष कुणाचा ते नंतर बघायचं. आपल्यामुळे दुसऱ्याला त्रास होतोय म्हटलं की आधी थांबायचं, मग कारण शोधायचं. तसं लिहिलेलं आहे."

"आणि तीन दिवस हवा कशी आहे ते कुणी विचारलं?"

या वेळी ते थोडे हसले. मग त्यांनी मला सामंतांबद्दल सांगितलं.

सामंत त्यांचा प्रयोगशाळेतला मित्र. दोघांनी परीक्षा एकत्र दिली, परवाने एकत्र काढले. सामंत निवृत्त होऊन देवगडला गेले. तिथे त्यांना घशाचा कॅन्सर झाला आणि ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. माणूस वाचला, आवाज गेला. तेव्हापासून रोज सकाळी साडेसहाला देवगडहून सामंत मोर्सची की दाबायचे आणि चंदीगडहून जोगळेकर. वीसेक मिनिटं. सकाळच्या त्या वेळेतच तो सिग्नल इतक्या लांब नीट पोचतो, ऊन चढलं की विरत जातो.

मी व्यवहारी माणूस. म्हटलं, "मोबाइलवर मेसेज का नाही करत?"

"करतो की. औषधं, बिलं, नातवाचा वाढदिवस, सगळं मेसेजवर. पण बोलतो तो इथे." त्यांनी कीवर बोट ठेवलं. "प्रत्येकाचा हात वेगळा असतो, शिंदे. तुम्हाला माहीत आहे. सामंत 'र' जरा लांबवतो. त्याचा घसा गेला, पण हात तोच आहे. ऐकलं की कळतं, आज झोप झाली नाही, आज चिडलाय. मेसेजात कुठे कळतं?"

मला माहीत होतं. नोकरीत मी शंभर मैलांवरचा ऑपरेटर त्याच्या हातावरून ओळखायचो. हे सगळं माहीत असून मी पुढचं केलं, म्हणून ते इतकं सविस्तर लिहितो आहे.

सोसायटीने जिने, रस्ता आणि कुंपणावरचे दिवे बदलायचं ठरवलं. काम मी घेतलं. तीन जणांना मागे सारून घेतलं, कारण माझा भाव कुणी मोडू शकलं नाही. तो भाव मी दिल्लीला जाऊन पाडला होता. तिथला बन्सल नावाचा माणूस दिव्यांच्या आतली वीज बदलणारी पेटी जुळवून देतो. त्या पेटीला ड्रायव्हर म्हणतात. मी त्याच्या गाळ्यात दोन तास बसलो. तो हात जोडायला लागला तरी उठलो नाही. शेवटी त्याने एक पेटी उघडून माझ्यासमोर ठेवली.

"शिंदेजी, इससे नीचे जाना है तो ये चोक और ये दो कपॅसिटर निकालने पड़ेंगे. रोशनी में कोई फ़र्क नहीं आएगा, पक्का."

"गारंटी?"

"रोशनी की गारंटी."

मी म्हणालो, "निकालो."

मला फसवलं गेलं असं म्हणायला जागा नाही. दुसरा कुणी इलेक्ट्रिशियन असता तर म्हणू शकला असता. मी रेडिओ मेकॅनिक. ती मुसकी काय करते हे मला बन्सलपेक्षा चांगलं ठाऊक होतं. मनात म्हटलं, आता रेडिओ ऐकतो कोण? ऐकणारा माणूस अठरा पायऱ्या वर राहतो हे त्या दोन तासांत एकदाही आठवलं नाही. परतीच्या बसमध्ये मी स्वतःवर खूश होतो. बायकोसाठी दिल्लीहून शाल आणली.

दिवे उन्हाळ्यात लागले. उजेड झाला की ते आपोआप बंद होत. उन्हाळ्यात इथे साडेपाचलाच उजाडतं, त्यामुळे साडेसहापर्यंत दिवे केव्हाच विझलेले. मग थंडी आली. इथलं धुकं ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो, डिसेंबर-जानेवारीत सकाळी नऊपर्यंत समोरचं फाटक दिसत नाही. दिव्यांना वाटायचं अजून रात्रच आहे. साडेसहाला जिन्यातला, रस्त्यावरचा, कुंपणावरचा माझा एकूण एक दिवा जळत असायचा आणि बडबडत असायचा.

जानेवारीत सरकारी जीप आली. दोन माणसं उतरली, एकाच्या हातात रेडिओ आणि दुसऱ्याच्या हातात कडीसारखा अँटेना. सगळी सोसायटी गोळा झाली. अरोराजींची खात्री होती की जोगळेकरांवर धाड पडली आहे. ती माणसं फिरत फिरत जिन्यात आली, वर दिव्याकडे पाहिलं आणि मीटरच्या खोलीतला जिन्याच्या आणि आवाराच्या दिव्यांचा मुख्य स्विच बंद करायला सांगितलं. मीच बंद केला. त्या रेडिओतली खरखर एकदम थांबली. इतकी शांतता झाली की अरोराजींच्या पोटातला आवाज ऐकू आला.

त्यांनी एक दिवा उघडला. मोकळ्या जागेत बोट घालून त्यांच्यातला मोठा अधिकारी म्हणाला, "इसमें फ़िल्टर की जगह है, फ़िल्टर नहीं है. किसने लगाए?"

पंधरा माणसं माझ्याकडे वळली.

पत्रात जोगळेकरांनी माझं नाव लिहिलं नव्हतं, हे मला मान्य केलं पाहिजे. 'जिन्यातील व आवारातील दिवे' एवढंच होतं. पण दिवे कुणाचे हे सगळ्यांना माहीत होतं. आठवड्याभरात माझं काम गेलं. मोहालीवाल्यांपर्यंत बातमी गेली आणि त्यांनी फोन उचलणं बंद केलं. मी जिन्यात जोगळेकरांना गाठलं. आवाज तळमजल्यापर्यंत जात होता.

"खाली येऊन सांगता आलं नाही? अठरा पायऱ्या! मराठी माणूस मराठी माणसाच्या पोटावर पाय देतो तो असा!"

"सांगितलं होतं," ते म्हणाले.

"कुणाला? भिंतीला?"

ते काहीतरी बोलणार होते. मी बोलू दिलं नाही. मी त्यांना खोटारडा म्हणालो. त्या वयाच्या, मफलर गुंडाळलेल्या माणसाला. ते बाजूने निघून वर गेले.

अरोराजी म्हणाले, दिव्यांत ते काय असतं ते बसवून दे. चोक माझ्या दुकानात पडलेले होते, चार दिवसांचंही काम नव्हतं. मी म्हणालो, "जिसने शिकायत की है, उसी से लगवाओ." दुसरा माणूस आणायला सोसायटीला मीटिंग घ्यावी लागणार, मीटिंगला लोक यायला धुकं ओसरावं लागणार. मी मजा बघत बसलो. आधी थांबायचं, मग कारण शोधायचं, हे मी ऐकलं होतं. ते हॅम लोकांसाठी लिहिलेलं होतं, माझ्यासाठी नव्हतं.

असे काही आठवडे गेले. एका गुरुवारी सकाळी गच्चीवरच्या टाकीचं पाणी बघायला मी वर चाललो होतो. जोगळेकरांचं दार किलकिलं होतं. आतून माझ्या दिव्यांची खरखर येत होती, पत्र्यावर वाळू ओतल्यासारखी. तिच्या तळाशी, अगदी बारीक, मोर्स. मी थांबलो. कान आपोआप लागला. जोगळेकरांचं सांकेतिक नाव कुणीतरी पुन्हा पुन्हा पाठवत होतं. मग काही शब्द, पण मला त्यातली तीन अक्षरं मिळाली. त्यातला एक 'र' होता, लांबवलेला. मग जवळून, मोठ्याने, जोगळेकरांची की: पुन्हा सांग. परत ती वाळू. पुन्हा सांग. मी टाकीपर्यंत गेलोच नाही.

त्याच दिवशी मी शिडी काढली असती तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण मी मी आहे. शिडी काढण्याआधी मी अरोराजींकडे गेलो आणि म्हणालो, चोक बसवतो, पण देखभालीचं काम मला परत, आणि तसं लेखी. शुक्रवार गेला. शनिवारी ते म्हणाले, सहा महिन्यांसाठी देतो. मी म्हणालो, वर्ष. रविवारी संध्याकाळी वर्षावर सही झाली. सोमवारी आणि मंगळवारी मी स्वतः शिडीवर चढून एकेका दिव्यात मुसकी घातली. गुडघे बोलत होते. बायको खालून म्हणत होती, "पडाल हो!" शेवटचा दिवा जोगळेकरांच्या दारासमोरचा होता.

बुधवारी सकाळी साडेसहाला मी त्यांची बेल वाजवली. जिन्यातल्या शिव्यांनंतर पहिल्यांदाच. त्यांनी दार उघडलं.

"साहेब, रेडिओ लावा. ऐका आता."

त्यांनी मला आत घेतलं. कापड काढलं, रेडिओ लावला. बाहेर धुकं, सगळे दिवे चालू, आणि रेडिओत बारीकशी सळसळ, तीही आभाळातली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"अगदी स्वच्छ आहे," ते म्हणाले. "छान काम केलंत, शिंदे."

"आता बोलवा तुमच्या सामंतांना."

"चहा घेता?"

त्यांनी चहा केला. आम्ही दोघं त्या शांत रेडिओसमोर बसून चहा प्यायलो. त्यांनी की दाबली नाही. मला वाटलं, माझ्यासमोर नको असेल, नियमवाला माणूस. उठताना त्यांनी दारापर्यंत सोडलं. मी खाली येऊन बायकोला म्हणालो, "दोन दिवस शिडीवर लटकलो, आणि म्हणे 'छान काम केलंत'. माफी तर लांबच." राग तसाच ठेवला. पुढे त्यांचा रेडिओ क्वचितच लागायचा. मी त्याचं कारण विचारलं नाही.

गेल्या मार्चमध्ये मुलीने त्यांना पुण्याला नेलं. अँटेना उतरवायला मलाच बोलावलं. मी मजुरी सांगितली नाही, त्यांनी पाकीट दिलं, मी घेतलं. रेडिओ विकत मागितला, तर म्हणाले, परवाना नसलेल्याला देता येत नाही. तो त्यांनी लुधियानाच्या एका परवानाधारकाला दिला. जाताना वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि जुन्या नोंदवह्या दाखवून म्हणाले, "या वह्या ठेवायची मुदत संपली. रद्दीवाल्याला द्याल का?"

मी वह्या खाली आणल्या. रद्दीत देण्याआधी त्या हिवाळ्याची वही काढून बसलो. का, तेही लिहितो. मला पुरावा हवा होता. त्यांनी पत्र कधी लिहिलं ते वहीत असणार, आणि त्याआधी मला काही सांगितलं नव्हतं हे त्यांच्याच अक्षरात सापडेल, असा माझा हिशेब. मंडळात चार लोकांना दाखवणार होतो.

डिसेंबरपासून बारीक, सरळ अक्षरात रोज साडेसहाची नोंद होती. 'सामंत आहे. अर्धे वाचता आले.' 'सामंत आहे. वाचता येत नाही.' मग: 'घरातील मुख्य स्विच बंद करून बॅटरीवर ऐकले. खरखर तशीच. दोष आपला नाही याची खात्री.' मग: 'दिवे विझताच खरखर थांबते. शिंदे यांना दुकानात जाऊन सांगितले. फोनवर होते. हातानेच 'नंतर' अशी खूण केली.' चार दिवसांनी: 'शिंदे यांच्याकडे गेलो. घरी नव्हते. वहिनींना सांगितले.' त्यानंतरच्या आठवड्यात: 'शिंदे जिन्यात भेटले. सांगितले. म्हणाले, तुमचे मशीन जुने झाले, विकून टाका.' त्या नोंदीच्या दहा दिवसांनंतर: 'खात्याला पत्र पाठवले. नाइलाज.'

मी बायकोला हाक मारली. "जोगळेकर दिव्यांचं काही सांगायला आले होते?"

"आले होते की. मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, म्हाताऱ्याला उद्योग नाही."

मी म्हणालो होतो. ती सांगताना ते वाक्य माझं आहे हे मला लगेच कळलं. जिन्यातली भेटही आठवली. हातात पिशव्या होत्या, मला घाई होती, आणि त्यांना गप्प केल्याचं समाधान घेऊन मी पुढे गेलो होतो.

पान उलटलं. ज्या गुरुवारी मी दाराबाहेर थांबलो होतो तो गुरुवार: 'सामंत आहे. बराच वेळ काही सांगत होता. तीनदा पुन्हा मागितले. वाचता आले नाही.' शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार, रोज तेच. मी सहा महिने की वर्ष करत होतो ते दिवस. मंगळवारी: 'सामंत नाही.'

आणि बुधवारी, माझा चहा पिऊन झाल्यावर लिहिलेली नोंद: 'सकाळी ६.३० शिंदे वर आले. सर्व दिवे दुरुस्त केले. खरखर पूर्ण गेली. सामंत काल पहाटे वारला, मुलाचा फोन आला होता. शिंदे यांना सांगितले नाही. दोन दिवस शिडीवर होते.'

ही वही मी रद्दीत दिली नाही. मंडळाचा अंक जुन्या सभासदांना पोस्टाने जातो, त्यात पुण्याचा त्यांचा पत्ता आहे. त्यांना करायला मी फोन तीनदा हातात घेतला आणि ठेवला. फोनवर माझा आवाज चढतो, मग घासाघीस सुरू होते. तुम्ही जरा जोर लावून का नाही सांगितलंत, पहिल्याच दिवशी हात धरून का नाही थांबवलंत, असं काहीतरी माझ्या तोंडून निघेल, आणि ते ऐकून घेतील. म्हणून मीही लेखीच देतो आहे.

जोगळेकरसाहेब, तुम्ही सांगितलं होतं. तीनदा.